वेनराइटांची ओटी

मी आणि हौसानं मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे एक भोक पाडलं. हौसा माझी बायको. कॅनडातल्या नातीसाठी मी बाभळीची खेळण्यातली बैलगाडी करत होतो, हातभर लांबीची. चाकाच्या मधोमध आसासाठी भोक पाडायचं होतं. माझ्याकडं सासऱ्याचा जुना सामता आहे. ह्या हत्याराला दोन माणसं लागतात. एकानं दांडा वरून दाबून धरायचा, दुसऱ्यानं समोर बसून त्याला गुंडाळलेली दोरी ताक घुसळल्यासारखी ओढायची. खरा गाडा असो की दाराची चौकट, दोरी ओढायला लग्नापासून हौसाच. एक चाक झालं. दुसरं हातात घेतलं तर म्हणाली, "आता उद्या. माजं दंड भरून आल्यात. गाडी काय आजच पळायची हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. दुसरं चाक बिनभोकाचं राहिलं.

हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. पारावरची मंडळी रोज विचारतात, कॅनडात काय बघितलं, आणि रोज सांगून माझं तोंड दुखतं. म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी सातवीतनं शाळा सोडलेला माणूस आहे. चुकलं तर सांभाळून घ्या, नाही घेतलं तरी माझं काही अडत नाही.

जायचं कारण

मी कॅनडा बघायला गेलो नव्हतो. मी व्याह्यांची कुळदेवी हुडकायला गेलो होतो.

आमची एकुलती एक सुरेखा तिकडं कनाटा म्हणून गाव आहे तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं तिथल्याच ब्रायन वेनराइट नावाच्या गोऱ्या पोराशी लग्न केलं, कचेरीत सही करून. आम्ही फोनवर बघितलं. हौसा हिरवा चुडा भरून फोनपुढं बसली होती. अक्षता फोनवर टाकल्या, त्यातला एक तांदूळ चार्जिंगच्या भोकात गेला तो अजून तिथंच आहे.

लग्न झाल्यावर हौसानं जावयाला पहिला प्रश्न विचारला, "पावनं, तुमचं मूळ गाव कंचं? आन् कुळदेवी?"

ब्रायननं प्रश्न लिहून घेतला. पोरगा गुणाचा. आठ-पंधरा दिवसांनी फोन करून म्हणाला, शोधलं. वेन म्हणजे जुन्या इंग्रजीत मालाचा गाडा आणि राइट म्हणजे घडवणारा. इंग्लंडात लँकशर म्हणून मुलूख आहे, तिकडं हे आडनाव पुष्कळ. गवत, कोळसा, लोकर वाहायचे मोठे गाडे असायचे, ते करणारे हे लोक.

हौसानं मांडीवर थाप मारली. "अवो, ही तर आपल्यातलीच निगाली की."

संध्याकाळपर्यंत गिरणीवर, टाकीवर आणि एसटीच्या थांब्यावर बातमी गेली होती. गोरा जावई केला म्हणून नाकं मुरडणाऱ्या बायकांना ती थांबवून सांगायची, "सुताराच्या पोरीनं सुतारच केला. सातासमुद्रापल्याड गेली तरी गाडेवाल्याच्याच घरी पडली." कुळदेवीचं मात्र तिच्या मनातनं जाईना. "माणूस म्हटल्यावर कुळ आलं, कुळ म्हटल्यावर देवी आली. इसरली असतील बिचारी. आपुन जाऊन इचारू. पयली ओटी माझ्या हातची." तिनं हिरवा खण घेऊन ट्रंकेत ठेवला. कचेरीतल्या लग्नात मानपान राहून गेला होता, म्हणून व्याह्यांच्या भावकीसाठी टोप्या, टॉवेल आणि बायकांना ब्लाऊजपीस असं एक पोतंच भरून ठेवलं.

ती गेली. खण राहिला, पोतं राहिलं. मग मी काय करणार होतो?

कनाटा

विमानाचं काही सांगत नाही. बसलो, पाय सुजले, उतरलो.

कनाटात सगळी घरं एका साच्यातली. रस्ते स्वच्छ, पण माणूस दिसत नाही. पहिले दोन दिवस मला वाटलं गावात काहीतरी घडलंय आणि लोक लपून बसलेत. मग कळलं, सगळे घरातच काम करतात. घराखाली आणखी एक घर असतं, त्याला बेसमेंट म्हणतात. मला तिथं गादी दिली. आमच्याकडं तळघरात धान्य ठेवतात, तिकडं सासरे ठेवतात, असं मी ब्रायनला म्हणालो. सुरेखानं इंग्रजीत सांगितल्यावर तो इतका हसला की त्याला उचकी लागली.

नात एला. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, दोघांचं बरं चालतं. "एला, पाणी आण गं." "इन अ मिनिट, आजोबा." आणि आणत नाही. म्हणजे भाषा कुठलीही असो.

ब्रायनची हत्यारं गॅरेजमध्ये आहेत. एकाही हत्याराला तेलाचा वास नाही, सगळ्यांना बॅटरी. मी एलाची गाडी पिशवीतनं काढली तेव्हा त्यानं बिनभोकाचं चाक उचललं आणि भिंतीवरचं ड्रिल मशीन घेतलं. "दादा, टू सेकंड्स." तो मला सुरेखासारखंच दादा म्हणतो.

मी चाक त्याच्या हातातनं काढून घेतलं. म्हटलं, नको. सामता मी गावाकडंच ठेवला होता. आणला असता तरी दोरी कोण ओढणार? चाक खिशात टाकलं आणि त्या दिवसापासनं तो खिसा फुगलेलाच.

कुळदेवीचं विचारलं तर ब्रायन डोकं खाजवायचा. शेवटी म्हणाला, येत्या शनिवारी आमची सगळी भावकी बागेत जमतेय. दर काही वर्षांनी उन्हाळ्यात वेनराइट लोक कुठून कुठून येतात, जेवतात, खेळतात आणि जातात. तिथं माझी म्हातारी आत्या येईल, डॉरथी. तिला सगळं माहीत असतं.

मी म्हटलं, झालं काम. दुकानातनं नारळ आणला, तांदूळ आणि हळद-कुंकू पुडीत बांधून घेतलं, खण खिशात ठेवला. पोतं गाडीत टाकलं.

बागेतली भावकी

वाटेत शेतं लागली. एवढी मोठी की एका बांधावरनं दुसरा दिसत नाही. मी म्हटलं, इथं बांधावरनं भांडणं होत नसतील. ब्रायन म्हणाला, होतात की, कुत्र्यांवरनं होतात.

बाग नदीच्या काठाला. ब्रायननं मला आणि एलाला फाटकाशी उतरवलं आणि तो सुरेखाला घेऊन गाडी लावायला गेला. समोर पत्र्याच्या छपराखाली पाच-पंचवीस माणसं बसलेली, बाकांवर जेवण मांडलेलं, सगळी गोरीपान. मी पोतं खांद्यावर घेतलं आणि थेट आत गेलो.

"राम राम, व्याही."

पहिल्यानं हात पुढं केला. मी त्याला मिठी मारली, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्यानं माझी रीत बघून स्वतःची चोचवाली टोपी आधीच काढून मान खाली वाकवली. चौथा उंच होता, त्याच्यासाठी बाकावर चढलो. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. सगळं आमच्या मांडवातल्यासारखं. आमच्याकडं तरी टोपी घालताना माणूस इकडं तिकडं बघतो, शेजाऱ्याला भारी टॉवेल गेला का म्हणून. हे सरळ रांग लावून उभे.

एला माझी बाही ओढत होती. "आजोबा, दे आर नॉट अस."

मी म्हटलं, लाजू नको, तुझेच काका आहेत.

टोप्यांची अर्धी थप्पी संपली तेव्हा ब्रायन धावत आला. वेनराइट लोक नदीच्या वळणापलीकडच्या छपराखाली होते. हे निवृत्त बस ड्रायव्हर होते.

ब्रायन सॉरी सॉरी म्हणत होता. पण टोपी कुणी परत केली नाही. उलट एकानं सुरेखाला विचारलं, माझा भाऊ वॉशरूमला गेलाय, त्याच्यासाठी एक मिळेल का? मी दिली. मानपान एकदा सुरू केला की मधे थांबत नाहीत.

खऱ्या व्याह्यांपर्यंत पोचलो तेव्हा टोप्या कमी पडणार हे उघडच होतं. आमच्याकडं एका टॉवेलावरनं नवरी मांडवातनं परत नेलेली मी बघितली आहे. मग ज्याला टोपी त्याला टॉवेल नाही, ज्याला टॉवेल त्याला टोपी नाही, असं वाटप केलं. बायकांचे ब्लाऊजपीस पुरले. एकीनं तो गळ्याला बांधला, एकीनं बटाट्याच्या भांड्याखाली अंथरला. कुणीही रुसलं नाही. व्याही असून रुसले नाहीत, हे मला जरा चमत्कारिकच वाटलं. मानपान घेतल्यावर थोडं तरी रुसायला नको का?

प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीला रंग. ब्रायनच्या पणजोबाच्या थोरल्या पोराची सगळी वंशावळ निळी, मधल्याची पिवळी, धाकट्याची लाल. ब्रायन लाल. मलाही लाल चिठ्ठी लावली. एक निळा मनुष्य मला म्हणाला, लालवाले चिक्कू आहेत. एका वाक्यात मला पटलं, ही खरी भावकी.

जेवण थंड. बटाटे थंड, कोंबडी थंड, शेवयासुद्धा थंड आणि आंबट. राजम्यासारख्या दाण्यांची उसळ होती ती गोड. उसळ गोड करणाऱ्याला आमच्याकडं पंगतीतनं उठवतील. पण मक्याची कणसं उकडून लोण्यात लोळवून देतात ती मात्र मी मोजायच्या पलीकडं खाल्ली. लोणी कोपरापर्यंत ओघळलं. हौसा असती तर तिनं पदरानं पुसलं असतं आणि चारचौघांत नाव ठेवलं असतं.

डॉरथी आत्या

आत्या झाडाखाली घडीच्या खुर्चीत बसली होती. नव्वदीच्या घरातली, हाडकुळी, आवाज फौजदाराचा. हौसाचा ब्लाऊजपीस तिनं डोक्याला रुमालासारखा बांधला होता. मी समोर गवतावर बसलो. म्हटलं, "सुरेखा, इचार. तुमची कुळदेवी कंची?"

"दादा, हे इंग्रजीत कसं विचारू?"

"मी जसं इचारलं तसं."

तिनं बराच वेळ काहीतरी समजावलं. आत्या म्हणाली, आम्ही मेथडिस्ट.

"ती देवी कुठं असती?"

"देवी नाही दादा, पंथ आहे तो. दारू नाही, पत्ते नाहीत, नाच नाही."

"म्हंजे माळकरी. बरं, मूळ पुरुष कोण? त्यो तरी इचार."

आत्या सांगायला लागली, सुरेखा मराठी करत गेली. लँकशरातनं एक गाडे घडवणारा आपली बायको, एक मुलगी आणि हत्यारांची पेटी घेऊन जहाजानं आला. तिकडं कापडाच्या गिरण्या, कोळसा, रेल्वे आली आणि गाड्यांचं काम मोडलं. इकडं रान तोडून नवी वस्ती होत होती, गाडे कुणाला नको? ह्याच नदीकाठी त्यानं दुकान घातलं. उन्हाळ्यात चाकं लावायची आणि हिवाळ्यात तोच गाडा चाकं काढून लाकडी पट्ट्यांवर ठेवायचा, बर्फावरनं घसरत जायला. हे ऐकून मी उठून उभा राहिलो. चाकं काढलेला गाडा चालतो, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"मग तुम्ही त्याच्या वंशातली," मी म्हटलं.

आत्या म्हणाली, "वेल, वी आर नॉट रिअली वेनराइट्स, यू नो."

"म्हणते, आम्ही खरे वेनराइट नव्हेच," सुरेखानं सांगितलं. ब्रायनच्या हातात कणीस होतं, ते तोंडाशी तसंच. "आंटी डॉरथी, व्हॉट?"

"तू कधी विचारलंस का?" आत्या त्याला म्हणाली.

त्या म्हाताऱ्या गाडेवाल्याला मुलगा नव्हता. नाव तिथंच संपायचं. मग एक दिवस काम मागत एक आयरिश गडी आला. त्याचं खरं आडनाव मर्फी की मलॉय, कुणालाच आठवत नाही. आज बागेत जमलेत ते निळे, पिवळे, लाल, सगळे त्याचे.

माझ्या डोळ्यांपुढं हौसा आली, गिरणीसमोर उभी राहून बायकांना सांगणारी. आता गावात काय तोंड दाखवायचं? ती तरी गेली, सुटली. मला गिरणीवर रोज जायचंय. खिशात खण होता, तो हाताला लागला. आता तो कुणाला द्यायचा, तेही कळेना.

"इचार," मी म्हटलं, "नाव का बदललं त्यानं? चोरी केलती का?"

आत्या खदखदून हसली. चोरी नाही, लग्न केलं. म्हाताऱ्याच्या मुलीशी, हॅनाशी. म्हातारा म्हणाला, पोरगी देतो, पण राहायचं माझ्या घरी, काम करायचं माझ्या दुकानात. आणि दुकानाची पाटी नुकतीच रंगवली होती, वेनराइट म्हणून. पुन्हा रंगवायला ती हॅना तयार होईना. म्हणाली, पाटी राहू दे, तूच बदल.

सुरेखानं हे मराठीत सांगितलं आणि मला हसू फुटलं. सुरुवातीला नाकातनं, मग पोटातनं, मग मी गवतावर आडवा झालो. वरची कवळी हातात घ्यावी लागली. निळे-पिवळे लोक जमा झाले, कुणीतरी पाणी आणलं.

गावातल्यांना हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्या वाचकाला सांगतो. मी घरजावई आहे. हौसा माझ्या मामाची एकुलती एक. मामानं मला बोलावून घेतलं, पोरगी दिली, सामता हातात दिला आणि गाडा घडवायला शिकवलं. माझं आडनाव कागदावर एक आहे आणि गावाच्या तोंडी मामाचं. जन्मभर पारावर माझी टिंगल झाली, की हा हौसाच्या घरी नांदायला आला. आणि सातासमुद्रापल्याड माझ्या लेकीचं सगळं सासर माझ्यासारख्याच एकाच्या पोटचं निघालं.

आत्यानं विचारलं, हा का हसतोय? सुरेखानं सांगितलं. आत्यानं मला खालपासनं वरपर्यंत बघितलं. "त्याला विचार, घरात त्याचं कधी काही चालायचं का?"

"दोरी तिच्या हातात हुती," मी म्हटलं.

आत्या म्हणाली, हॅनाच्या घरात पण तसंच.

मग मी हिशेब लावला. परका आला, सासऱ्याच्या हाताखाली गाडे घडवायला शिकला, गाडेवाल्याचं नाव घेतलं, गाडे विकून पोरं वाढवली. मग सुतार झाला नाही तर काय झाला? मी झालो तसाच झाला. हौसा खोटं बोललेली नव्हती. गिरणीवर मी हे छाती काढून सांगितलं आहे, आणि ज्याला शंका असेल त्यानं माझ्या घरी यावं.

"आन् ही हॅना," मी विचारलं, "कुठं हाय?"

टेकडीवर

लाकडी चर्च, मागं उतारावर थडगी. ब्रायननं आत्याला हाताला धरून आणलं. हॅनाचा दगड एका बाजूला कलला होता, अक्षरांत शेवाळ. ब्रायननं बाटलीतलं पाणी ओतून पुसलं. वर तिचं नाव ठळक. खाली नवऱ्याचं, बारीक. मी ते नाव दोनदा बोटानं चाचपलं.

सुरेखा म्हणाली, "दादा, थडग्यावर ओटी? गावात कुणी ऐकलं तर?"

"आपल्या शिवेवर सतीचा दगड हाय, त्याला तू लहानपणी बांगड्या वाहायचीस. तवा कुणी इचारलं का?"

ओटी बाईनं भरायची असते. हौसाच्या हातची असणार होती. मी खण सुरेखाच्या हातात दिला. तिनं तो ओळखला. फोनवर आईनं दाखवला होता. पँट घातलेली, पदर नाही. ती पोत्यात हात घालून चाचपत राहिली आणि तळाशी राहिलेला शेवटचा टॉवेल काढून डोक्यावर घेतला. हळद-कुंकू लावलं, खण ठेवला, तांदूळ ओंजळीनं घातले, नारळ ठेवला. मग तशीच बसून राहिली. तिचे खांदे हलायला लागले. मी डास मारायला बाजूला गेलो. तिथं डास फार आहेत.

परत बघतो तर पाठीवर पट्टे असलेली एक चिमुकली खार दगडावर चढून तांदूळ गालात भरत होती. गाल बोराएवढे झाले. आत्या हाकलायला लागली, मी तिचा हात धरला. म्हटलं, असू दे. देवी पावली.

नारळ प्रसाद म्हणून परत आणला. खण तिथंच राहिला. येताना आत्यानं सुरेखाला काहीतरी विचारलं. सुरेखा म्हणाली, "तुझ्या बायकोचं नाव काय, असं विचारते."

मी सांगितलं. आत्या गाडीत दोन-तीनदा म्हणून बघत होती. "हाउसा. हाउसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी

सगळी झोपलेली होती. मी चहा केला, प्यालो आणि गॅरेजमध्ये गेलो. खिशातनं चाक काढलं. ब्रायनचं मशीन भिंतीवरनं उतरवलं, चाक पायाखाली दाबलं आणि घोडा ओढला.

टुर्र. झालं.

मी दम लावून बसलो होतो, तो दम तसाच छातीत राहिला. एवढ्यासाठी ती बाई जन्मभर समोर बसून दोरी ओढत होती. तिनं बघितलं असतं तर मशीनलाच म्हणाली असती, "मेल्या, इतकी वर्सं कुठं हुतास?"

आस बसवला, दोन्ही चाकं चढवली, खुंट्या ठोकल्या. एक भोक दोरीचं, एक बॅटरीचं. गाडी तिरकी जाईल अशी मला भीती. गॅरेजचं दार वर केलं आणि गाडी उंबऱ्यावर ठेवून हलकंच ढकलली. पुढं उतार आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गाडी सुटली ती दारापुढच्या उतारावरनं खडखडत थेट रस्त्यावर, आणि तिच्यामागं मी, बनियनवर, अनवाणी. समोरनं एक बाई कुत्रं घेऊन येत होती, ती जागच्या जागी थांबली. कुत्रंही थांबलं. मी पळता पळता तिला राम राम घातला.

गाडी सरळ गेली.